अचलपूरचा डास, इंदूरची मिरवणूक

१९१७ साली इंदूरच्या जुन्या वस्तीत एक दाढीवाला गोरा साहेब पायी हिंडताना दिसू लागला. गल्लीबोळात शिरायचा, पडक्या भिंतीपाशी थांबायचा, परसातल्या विहिरीकडं निरखून बघायचा, नकाशावर काहीतरी टिपायचा आणि पुढं जायचा. त्याला पाहिलं की लोक अंग चोरून बाजूला सरायचे. प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, असं शहरभर झालं होतं. लोकांचं तरी काय चुकलं? पुण्यात १८९७ साली रँडच्या माणसांनी प्लेगचे रोगी हुडकण्याच्या नावाखाली घराघरांत जो धुडगूस घातला, त्याच्या कहाण्या मराठी मुलखात सगळीकडं पोचल्या होत्या. साहेब दारासमोर थांबला की मागोमाग मजूर येणार आणि भिंत पडणार, एवढं त्या काळच्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

साहेबाचं नाव पॅट्रिक गेडिस. मूळचा स्कॉटलंडचा, शिक्षणानं जीवशास्त्रज्ञ, डंडी इथं वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आणि वेडानं नगररचनाकार. १९१४ साली तो आपलं शहरांविषयीचं प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात आला आणि पुढची काही वर्षं इथल्या गावागावांचे अहवाल लिहीत फिरला. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबारानं त्याला इंदूरचा आराखडा करायला बोलावलं होतं. त्या कामाचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली छापला गेला आणि नगररचनेच्या अभ्यासात तो आजही वाचला जातो. पण सामान्य इंदूरकराच्या दृष्टीनं त्यानं केलेली सगळ्यात मोठी गोष्ट त्या अहवालात मावणारी नव्हती. आपल्याला लोक काय म्हणतात हे कळल्यावर गेडिसनं दरबाराकडं एक अजब मागणी केली. त्याला एका दिवसापुरतं महाराज व्हायचं होतं. दरबारानं ते मान्य केलं.

दिवाळी तोंडावर आली होती. गेडिसनं जाहीर करवलं की यंदा दिवाळीची मोठी मिरवणूक निघेल, पण ती हिंदूंच्या ठरलेल्या वाटेनं जाणार नाही की मुसलमानांच्या ठरलेल्या वाटेनं जाणार नाही. ज्या भागातली घरं आणि रस्ते सगळ्यात स्वच्छ आणि नीट डागडुजी केलेले असतील, त्या भागातून ती जाईल. झालं! घराघरांत रंगसफेदी सुरू झाली. वर्षानुवर्षं परसात साठलेला केरकचरा रस्त्यावर येऊ लागला, आणि तो फुकट उचलून नेण्याची सोय आधीच केलेली असल्यामुळं गाड्यांमागून गाड्या भरून गावाबाहेर जाऊ लागल्या. कचऱ्याबरोबर उंदरांचीही शिकार झाली. हुकूम काढून जे काम झालं नसतं ते ईर्ष्येनं झालं. आपल्या आळीतून मिरवणूक जावी आणि शेजारच्या आळीतून जाऊ नये, ही भावना माणसाकडून काय काय करून घेते!

मिरवणुकीच्या आघाडीला संस्थानचा सगळा लवाजमा होता. हत्ती, घोडदळ, पायदळ, तोफखाना. मागं लक्ष्मी आणि सुगीचे देखावे, धान्याचे आणि कापसाचे. त्यानंतर वाद्यांचा सूर बदलला आणि भेसूर, रडकं संगीत सुरू झालं. आता घाणीची पिशाच्चं येत होती. मोडक्या भिंतींच्या, अंधाऱ्या घरांच्या प्रतिकृती होत्या. राक्षस होते. प्लेगचा अवाढव्य उंदीर होता आणि मलेरियाचे राक्षसी डास होते. ती रांग संपल्यावर थोडी जागा मोकळी सोडलेली होती. मग पांढरे स्वच्छ कपडे, डोक्याला नवे फेटे आणि गळ्यात हार घातलेले शहराचे सफाई कामगार आले. त्यांच्या गाड्या रंगवलेल्या होत्या, बैल धुतलेले, शिंगं रंगवलेली, झाडू नवे कोरे. ज्यांची सावली टाळली जायची त्या माणसांना १९१७ सालच्या एका संस्थानी शहरानं भर रस्त्यात मानाच्या जागी चालवलं. त्यांच्यामागं एक नवीच देवता होती, इंदूर नगरी, आणि तिच्या पताकेवर शहराचा नकाशा. शेवटी होऊ घातलेल्या ग्रंथालयाच्या, नाट्यगृहाच्या, नव्या घरांच्या प्रतिकृती, कारागिरांचे ताफे आणि वाटण्यासाठी तुळशीची रोपं. रात्री बागेत राक्षस आणि उंदीर जाळले गेले आणि आतषबाजी झाली.

ही मिरवणूक नगररचनेच्या पुस्तकांतून पुष्कळदा सांगितली जाते आणि सांगताना भर नेहमी उंदरावर असतो. ते स्वाभाविक आहे, कारण प्लेगनं माणसं दोन-चार दिवसांत पटापट मरायची. मलेरिया त्या मानानं सवयीचा. थंडी वाजून ताप भरायचा, घाम येऊन उतरायचा, एक दिवस बरा जायचा आणि पुन्हा भरायचा. पोटात डाव्या बाजूला पानथरी वाढायची, चेहरा पिवळा पडायचा आणि माणूस तसाच कामाला जायचा. कडू कोयनेल मिळालं तर घ्यायचं, नाहीतर भगताकडं जायचं. असं असूनही शंभर वर्षांच्या अंतरावरून पाहता त्या मिरवणुकीतला जास्त मोठा वारसा डासाचा आहे. उंदीर आणि त्याच्या पिसवा पुढच्या काही दशकांत मागं हटल्या. त्या डासाची गोष्ट मात्र वऱ्हाडातून निघून मुंबईच्या विहिरींमार्गे थेट जिबूतीच्या बंदरापर्यंत गेलेली आहे आणि अजून चालूच आहे.

डास मलेरिया पसरवतो हे कळून तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या पोटात मलेरियाच्या परजीवीची वाढ दिसली. १९०२ साली त्याला त्याबद्दल नोबेल मिळालं. पण डास म्हणजे कोणता डास? अ‍ॅनॉफिलीस म्हणून जे ओळखले जातात त्यांच्यातही पुष्कळ जाती. काही भाताच्या खाचरात वाढतात, काही ओढ्याच्या कडेला, काही आणखी कुठं. सगळ्याच मलेरिया पसरवत नाहीत. शत्रू नेमका ओळखल्याशिवाय लढाई म्हणजे हवेत तलवार फिरवणं.

ते ओळखण्याचं काम ज्यांनी केलं त्यांतला एक ग्लेन लिस्टन. हा तरुण लष्करी डॉक्टर शतकाच्या वळणावर वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला होता. बाजूलाच मेळघाटाचे डोंगर, वस्तीत विहिरी, पावसाळ्यानंतर तापाची लाट. लिस्टन डास पकडायचा, त्यांच्या पंखांवरचे पांढरे-काळे ठिपके आणि पायांवरचे पट्टे तपासायचा, अळ्या कोणत्या पाण्यात सापडतात याची नोंद ठेवायचा. एलिचपुरातल्या अ‍ॅनॉफिलीसच्या सवयींचा वर्षभराचा अनुभव त्यानं १९०१ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये छापला. त्याच साली त्यानं तिथल्या एका नव्या जातीचं वर्णन केलं आणि तिला ‘अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्साय’ असं नाव दिलं. जगातल्या कुठल्याही कीटकसूचीत या डासाच्या नावापुढं मूळ ठिकाण म्हणून आजही एलिचपूरच लिहिलेलं असतं. वऱ्हाडच्या या गावाची ही जागतिक ख्याती गावात फारशी कुणी मिरवत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे!

लिस्टन पुढं मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत गेला आणि प्लेग उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसाकडं येतो हे सिद्ध करण्यात त्याचा मोठा हात होता. म्हणजे इंदूरच्या मिरवणुकीतला उंदीर आणि डास, दोघांच्याही शास्त्रीय कुंडलीत एकाच माणसाचं नाव आहे.

त्यानं डासाला ज्याचं नाव दिलं तो जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफेन्स हिंदुस्थानात आला तो आफ्रिकेतून. रॉयल सोसायटीनं मलेरियाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या मंडळात तो आणि सॅम्युअल ख्रिस्टोफर्स होते. या जोडगोळीनं पश्चिम आफ्रिकेत लागोस, फ्रीटाऊन अशा ठिकाणी काम केलं आणि एक फार महत्त्वाची गोष्ट शोधली. वरवर ठणठणीत दिसणाऱ्या आफ्रिकी मुलांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी मोठ्या प्रमाणात असतात, आणि डास ते तिथून उचलून दुसऱ्याला देतात. शोध खरा होता. त्यावरून काढलेला उपाय मात्र त्या काळच्या साम्राज्याला शोभेल असा. आफ्रिकी वस्तीपासून दूर गोऱ्यांची वेगळी वसाहत करा! सिएरा लिओनमध्ये फ्रीटाऊनजवळच्या टेकडीवर १९०४ साली अशी ‘हिल स्टेशन’ वसाहत उभी राहिली, गोऱ्या साहेबांना कचेरीत ने-आण करायला खास रेल्वेही टाकली. ज्या मुलांच्या रक्तात परजीवी होते ती मुलं खालीच राहिली. त्यांना औषध द्यावं ही बाब हिशेबात दुय्यम होती.

मुंबईत असं अंतर ठेवणं शक्यच नव्हतं. फोर्टात युरोपीय, पारशी, गुजराती आणि मराठी माणसं एकमेकांना खेटून राहत आणि काम करत. त्यामुळं इथं वेगळा प्रयोग करावा लागला आणि तोच पुढं जास्त कामाचा ठरला. अलेक्झांड्रा गोदीचं बांधकाम चालू असताना बाहेरून हजारो मजूर आले आणि शहरात तापानं उचल खाल्ली. चौकशीसाठी सी. ए. बेंटली या डॉक्टरला नेमण्यात आलं. त्याचा अहवाल १९११ सालचा. मुंबईत दलदल आहे, खाजण आहे, गटारं आहेत; तेव्हा सगळ्यांचा संशय तिकडंच. बेंटलीनं बोट ठेवलं ते घरातल्या विहिरीवर. मुंबईतला मुख्य गुन्हेगार स्टीफेन्साय होता, आणि त्याला घाण पाणी नको असतं. त्याला हवं ते स्वच्छ, संथ, सावलीतलं पाणी. वाड्याच्या चौकातली विहीर, बागेतलं कारंजं, गिरणीतला हौद, माडीवरची टाकी. माणूस पिण्यासाठी जे पाणी जपतो तेच या डासाला अंडी घालायला आवडतं.

विहिरी बुजवा किंवा झाका, असा फतवा निघाल्यावर जो गदारोळ झाला तो पाहण्यासारखा होता. पारशी समाजात विहिरीच्या पाण्याला मोठं पावित्र्य, काठावर दिवा लावायची पद्धत. चर्चगेटपाशी १७२५ साली बांधलेली भिखा बेहरामची विहीर आजही श्रद्धेनं जपली जाते. सनातनी हिंदूंनाही संध्या-पूजेला विहिरीचंच पाणी लागे, नळाचं चालत नसे. विहिरीवर घट्ट झाकण घातलं तर पाण्याला सूर्यप्रकाश आणि वारा कसा लागणार, हा त्यांचा आक्षेप. वाद वर्तमानपत्रांतून गेला, नगरपालिकेत गेला. अखेर तोडगा निघाला तो असा, की झाकण पक्कं करायचं, पण त्यात बारीक जाळीचं एक दार ठेवायचं. उजेड आत जाईल, डास जाणार नाही. धर्म आणि आरोग्यखातं यांच्यात सुताराच्या आणि लोहाराच्या मदतीनं झालेली ही तडजोड मुंबईच्या व्यवहारी स्वभावाला धरूनच होती.

पुढं १९२८ साली गॉर्डन कोव्हेलनं मुंबईच्या मलेरियावर दुसरा अहवाल लिहिला. त्यातून मुंबईची ती प्रसिद्ध पद्धत पक्की झाली. टाकीला डास शिरणार नाही असं झाकण हवं आणि टाकीपर्यंत पोचायला शिडी हवी, कारण शिडी नसेल तर तपासनीस चढणार कसा? आजही महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस बॅटरी आणि लांब दांड्याची पळी घेऊन इमारतीच्या गच्चीवर चढतो, पाणी उपसून पांढऱ्या भांड्यात ओततो आणि अळ्या वळवळतात का बघतो. गटारातल्या क्युलेक्स डासाची अळी पाण्यात डोकं खाली करून तिरकी लोंबकळते, अ‍ॅनॉफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते. सराईत माणसाला भिंग लागत नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासायची, ज्याला आरोग्यखातं ‘कोरडा दिवस’ म्हणतं.

गेडिस या वादात कुठं बसतो? पाण्याच्या बाबतीत तो सरकारी अभियंत्यांशी भांडत आला होता. मलेरियाच्या नावाखाली गावोगावची तळी आणि विहिरी बुजवण्याचा सपाटा त्याला मुळीच पसंत नव्हता. तळ्यात मासे आणि बदकं असतील तर डासांच्या अळ्या उरत नाहीत, आणि नळयोजना बिघडेल तेव्हा हीच जुनी तळी-विहिरी गावाला तारतील, असं त्याचं म्हणणं. जीवशास्त्रज्ञ असल्यामुळं त्याला तळं म्हणजे खड्डा दिसत नसे, त्यातली खाणारी आणि खाल्ली जाणारी सगळी मंडळी दिसत. १९१९ साली तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. तो गेला आणि त्याचा विचारही मागं पडला. मग आली फवारणी.

१९४५-४६ च्या सुमाराला मुंबई प्रांताचे मलेरियातज्ज्ञ डी. के. विश्वनाथन यांनी कारवार आणि धारवाड जिल्ह्यांतल्या खेड्यांत घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारायला सुरुवात केली. कल्पना सोपी होती. डास रक्त पिऊन जड झाला की भिंतीवर टेकतो, तिथंच त्याला विष लागू द्यायचं. परिणाम इतका झटपट दिसला की मुंबई राज्याचा हा अनुभव पुढं देशाच्या योजनेचा पाया झाला. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख माणसं मरत, असा अंदाज होता. १९६५ साली रोग्यांचा आकडा एका लाखाच्या आसपास आला.

 डीडीटीचे पंप पाठीला लावलेली माणसं तेव्हा देशभर गावोगाव हिंडत होती, आणि त्यांच्यामागून पंधरा दिवसांनी ताप विचारायला येणारा, बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेणारा कर्मचारी. दाराशेजारच्या भिंतीवर त्याच्या भेटीची तारीख लिहिलेली असे. लोकांनी सुरुवातीला फवारणी डोक्यावर घेतली, आणि त्याचं खरं कारण मलेरिया नव्हतं, ढेकूण होतं. डीडीटीनं ढेकूण मेले. काही वर्षांनी ढेकूण डीडीटीला दाद देईनासे झाले तसा लोकांचा उत्साहही ओसरला. शिवाय मातीच्या भिंती सणाला सारवल्या, लिंपल्या की खालचं डीडीटी झाकलं जाई. दिवाळीच्या साफसफाईनं १९१७ साली इंदूरचे उंदीर हटवायला हातभार लावला होता. चाळीस-पन्नास वर्षांनी तीच साफसफाई फवारणीवाल्यांच्या डोक्याला ताप झाली. डास डीडीटीला सरावले, पैसा आणि लक्ष दुसरीकडं वळलं, आणि १९७६ साली देशात मलेरियाचे चौसष्ट लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

या पुनरागमनात शहरांचा वाटा मोठा होता. निर्मूलन कार्यक्रमाचं लक्ष खेड्यांवर, आणि स्टीफेन्साय शहरात टाक्यांमधून निवांत. म्हणून १९७१-७२ पासून शहरांसाठी वेगळी योजना करावी लागली, आणि तिच्यात नवीन असं काहीच नव्हतं. झाकण, शिडी, अळीनाशक, गप्पी मासे. बेंटली आणि कोव्हेलचीच वही पुन्हा उघडली. गोव्यात १९८६ साली पणजीत मलेरियानं उचल खाल्ली तेव्हाही हेच. इमारती उभ्या राहत होत्या, स्लॅबवर पाणी साठवलं जात होतं आणि बाहेरून मजूर येत होते. मुंबईच्या गोदीची गोष्ट पाऊणशे वर्षांनी मांडवीच्या काठी जशीच्या तशी घडली.

इंदूरचं पाणी हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. होळकरांच्या काळात तलाव होते, शेवटी गंभीर नदीवर यशवंतसागर झाला. शहर वाढलं, पाणी पुरेना, १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी मोठं आंदोलन झालं आणि १९७८ साली जलूदहून डोंगर चढून नर्मदा इंदुरात आली. आली, पण दिवसाआड. ज्या शहरात पाणी दिवसाआड येतं तिथं प्रत्येक घर हे एक छोटं धरण असतं. अन्नपूर्णा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुदामानगर, उषानगर, लोकमान्यनगर अशा वसाहती वाढल्या, त्यांत मराठी कुटुंबंही पुष्कळ. जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी, न्हाणीघरात पिंप, आणि उन्हाळ्यात खिडकीला कूलर. माळव्याचा कूलर हा स्टीफेन्सायसाठी अचलपूरच्या विहिरीपेक्षाही सोयीचा. खस किंवा गवताच्या पडद्यामागं अंधार, गार स्वच्छ पाणी, आणि पाऊस सुरू झाला की कूलर बंद पण तळाशी दोन बोटं पाणी तसंच! २०१७ पासून सलग सात वर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलेलं हे शहर. रस्त्यावर कागदाचा कपटा सापडणार नाही. पण कचरागाडी दारात येते तशी कूलरच्या तळापर्यंत कुणी जात नाही. ते काम घरच्यांनीच करायचं असतं. गेडिसची मिरवणूक घरांच्या परसापर्यंत पोचली होती ती म्हणूनच महत्त्वाची.

आता आफ्रिकेकडं. १९५५ साली मेक्सिको शहरात जागतिक आरोग्य परिषदेनं पृथ्वीवरून मलेरिया हटवण्याचा संकल्प सोडला, तेव्हा सहाराच्या दक्षिणेकडचा आफ्रिका जवळपास वगळण्यात आला. तिथला गाम्बियाय डास फार चिवट, रस्ते नाहीत, दवाखाने नाहीत, अशी कारणं. नायजेरियाच्या उत्तरेला गार्की इथं १९६९ ते १९७६ या काळात फवारणी आणि औषधं दोन्हींचा मारा करून पाहिला, तरी संक्रमण थांबलं नाही. जगानं ‘आफ्रिकेत हे जमायचं नाही’ असं ठरवून टाकलं. मग १९७० च्या दशकाअखेर क्लोरोक्विनला न जुमानणारा परजीवी पूर्व आफ्रिकेत पोचला आणि पुढची वीस वर्षं मुलांचे मृत्यू वाढत गेले. स्वस्त, गोड बोलून पाजता येणारं औषध हातातून गेलं होतं.

चित्र बदललं ते २००० नंतर. त्या वर्षी २५ एप्रिलला आफ्रिकी देशांचे प्रमुख नायजेरियात अबुजा इथं जमले; आजचा जागतिक मलेरिया दिन त्याच तारखेला असतो. पैसा उभा राहिला आणि कीटकनाशकात भिजवलेल्या मच्छरदाण्या कोट्यवधींनी वाटल्या गेल्या. गाम्बियाय रात्री घरात शिरून चावतो, म्हणून मच्छरदाणी त्याच्यावर रामबाण. २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत आफ्रिकेत सुमारे ६६ कोटी आजारपणं टळली आणि त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक वाटा मच्छरदाण्यांचा, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. औषधाच्या बाजूनं चीनच्या तू यूयू यांनी शोधलेलं आर्टेमिसिनिन आलं, ज्याबद्दल त्यांना २०१५ साली नोबेल मिळालं. आणि इथं माळवा पुन्हा गोष्टीत येतो. आर्टेमिसिनिनच्या जोडगोळ्या आफ्रिकेला परवडतील अशा भावात करून देणाऱ्यांत भारतीय कंपन्या पुढं होत्या, त्यांत मुंबईची इप्का. तिचा औषधी कच्च्या मालाचा मोठा कारखाना इंदूरच्या शेजारी, रतलामला.

लशीची कथा पुण्याची. पहिली मलेरिया लस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली मान्य केली, पण तिचे डोस मागणीच्या मानानं फारच थोडे. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेली दुसरी लस, आर-ट्वेंटीवन, हिची मोठी चाचणी बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानियात झाली आणि उत्पादनाची जबाबदारी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं घेतली. एप्रिल २०२३ मध्ये घानानं तिला सगळ्यात आधी परवानगी दिली, ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्ट आणि दक्षिण सुदानमध्ये बाळांना ती टोचायला सुरुवात झाली. किंमत डोसाला चार डॉलरांच्या आत, क्षमता वर्षाला दहा कोटी डोसांची. पाच महिन्यांच्या बाळापासून सुरुवात करून चार डोस. ही लस मलेरिया पूर्ण थांबवत नाही, आणि तसा दावाही कुणी करत नाही. मच्छरदाणी आणि औषधं सोडून चालत नाहीत. २०२३ साली जगात मलेरियानं अंदाजे ५ लाख ९७ हजार माणसं मेली, त्यांतली शंभरातली पंचाण्णव आफ्रिकेत, आणि तिथल्या मृतांत चारातली तीन पाच वर्षांखालची मुलं. याच काळात केप व्हर्ड आणि इजिप्त हे दोन देश २०२४ साली मलेरियामुक्त जाहीर झाले, हेही खरं.

आणि नेमका या टप्प्यावर अचलपूरचा डास आफ्रिकेत उतरला. २०१२ साली जिबूती या बंदराच्या शहरात स्टीफेन्साय सापडला. त्या वर्षी त्या देशात मलेरियाचे २७ रुग्ण नोंदले गेले होते; २०२० साली ७३ हजारांच्या वर. मग इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना असा त्याचा माग लागत गेला. जहाजातून, मालाबरोबर तो गेला असावा असा तर्क आहे. आफ्रिकेतला मलेरिया आजवर प्रामुख्यानं खेड्यांचा. शहर त्या मानानं सुरक्षित. हा डास शहरातलाच, आणि आफ्रिकेची शहरं झपाट्यानं वाढतायत, नळाला पाणी दररोज येत नाही, लोक पिंपं आणि टाक्या भरून ठेवतात. शिवाय तो संध्याकाळीच, घराबाहेरही चावतो, गोठ्यात गुरांपाशी टेकतो. मच्छरदाणीत झोपायला जाईपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. पुष्कळ कीटकनाशकांनाही तो दाद देत नाही.

२०२२ साली इथिओपियात दिरे दावा शहरात, ऐन कोरड्या दिवसांत, मलेरियाची साथ आली. विद्यापीठाच्या मुलांच्या वसतिगृहातून रुग्ण निघू लागले तेव्हा तपास करणाऱ्यांनी आसपासचं पाणी धुंडाळलं आणि त्यांना स्टीफेन्सायच्या अळ्या सापडल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं आफ्रिकेतल्या स्टीफेन्सायविरुद्ध खास मोहीम जाहीर केली. त्या मोहिमेतले शहरी कर्मचारी आता दारोदार जाऊन पिंपांत वाकून बघतात, पाणी पळीनं पांढऱ्या भांड्यात घेतात, अळी आडवी आहे की तिरकी हे ओळखायला शिकतात, आणि घरमालकाला टाकीचं झाकण नीट बसतं का ते विचारतात.